उपग्रहातून नदीची पातळी मोजायची आहे, पण पदवी कोणती?

प्रश्न : मी भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उपग्रहावरच्या रडारने नद्यांची पाणीपातळी मोजतात हे वाचल्यापासून याच कामात जावंसं वाटतंय. पण अशी पदवी कुठे दिसत नाही. बाबा म्हणतात, इतक्या चिंचोळ्या विषयात पुढे काय करणार? आणि काठावरची पट्टी वाचून जे कळतं, त्यासाठी उपग्रह कशाला? मी काय शिकू?

उत्तर : तुझ्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न बाबांचा आहे, तो पट्टीचा. सुरुवात तिथूनच करते.

काठावरची पट्टी दिवसातून हवी तितक्या वेळा वाचता येते. उपग्रह मात्र त्याच जागेवर परत यायला वेळ घेतो. जेसन मालिकेतल्या उपग्रहांचं चक्र सुमारे १० दिवसांचं, सेंटिनेल-३चं २७ दिवसांचं, तर डिसेंबर २०२२मध्ये सोडलेल्या स्वॉटचं २१ दिवसांचं. शिवाय नदीवरच्या मोजणीत वीस-तीस सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. त्यामुळे पूर चढत असताना पट्टीला पर्याय नाही, हे बाबांना मोकळेपणाने सांग.

पण जिथे पट्टीच नाही, किंवा आहे पण सीमेपलीकडे, तिथे? बांगलादेशात नद्यांमधून येणारं बहुतेक पाणी सीमेपलीकडून येतं. तिथे पुराच्या अंदाजासाठी जेसन-२ने गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या वरच्या अंगाला मोजलेल्या पातळ्या वापरल्या गेल्या. वरचं पाणी खाली पोचायला काही दिवस लागतात, आणि लोकांना हलवायला तेच दिवस मिळतात. हे मोलाचं काम आहे, आणि त्यात यावंसं तुला वाटतंय याचा मला मनापासून आनंद आहे.

आता प्रत्यक्ष काम कसं असतं ते बघ. रडार खाली रेडिओ लहरींचा छोटा स्पंद सोडतं, तो पाण्यावरून उलटून येतो. गेलेल्या वेळावरून अंतर काढायचं आणि ते उपग्रहाच्या उंचीतून वजा करायचं. ऐकायला एवढंच. पण वेळ मोजताना १ नॅनोसेकंद इकडेतिकडे झाला, तर पातळी १५ सेंटिमीटरने चुकते. हवेतल्या बाष्पामुळे स्पंदाला उशीर होतो, त्याचीही दुरुस्ती करावी लागते. त्यात हे तंत्र वाढलं समुद्रासाठी. १९९२च्या टोपेक्स-पोसायडन उपग्रहाचं मुख्य लक्ष्य समुद्रच होता. समुद्रावरून येणारा प्रतिसाद ठरावीक आकाराचा असतो. नदीच्या बाजूला वाळूचे पट्टे असतात, झाडं असतात, पाणी साचलेली शेतं असतात, आणि सगळ्यांचे प्रतिसाद एकमेकांत मिसळून येतात. त्यातून नदीचा नेमका वेगळा काढणं, ज्याला रीट्रॅकिंग म्हणतात, तिथे भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाचा कस लागतो.

माझ्याकडे मार्गदर्शनाला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने एका नदीचा आलेख काढून आणला होता. पातळी सारखी कमीच येत होती. तिने नदीच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन किलोमीटरमधल्या सगळ्या बिंदूंची सरसकट सरासरी घेतली होती. ते बिंदू सुटे मांडल्यावर एक सुरेख कमान दिसली : नदीच्या बरोबर वर सगळ्यात उंच, दोन्हीकडे उतरती. कारण पाणी इतकं चकाकतं, की उपग्रह नदीवर पोचण्याआधीच रडारला ती तिरकी दिसू लागते. तिरकं अंतर जास्त भरतं, म्हणून पाणी खाली गेल्यासारखं वाटतं. ८०० किलोमीटर उंचीवरून २ किलोमीटर बाजूला असताना हा फरक अडीच मीटर होतो. पायथागोरसचा सिद्धांत लावून तू स्वतः पडताळून बघ. तिने ते गणित केलं आणि त्याच दिवशी पुढचा विषय ठरवून टाकला.

म्हणून पदवीचं नाव शोधत बसू नकोस. भौतिकशास्त्र सोडू नकोस. संख्याशास्त्र, रेखीय बीजगणित आणि पायथन आत्तापासून पक्कं कर. पदव्युत्तरला सुदूर संवेदन (रिमोट सेन्सिंग), भूगणित (पृथ्वीचा आकार मोजण्याचं शास्त्र) किंवा जलविज्ञान, यांपैकी काहीही चालेल. माझं मत विचारशील तर जलविज्ञान. सिग्नल कळणारे पुष्कळ भेटतात. पातळीवरून विसर्ग कसा काढतात आणि पुरात पात्र बदललं की ते नातं कसं बिघडतं, हे कळणारे कमी.

चिंचोळेपणाबद्दल बाबांची शंका रास्त आहे. फक्त याच कामाच्या जागा थोड्या असतात, बऱ्याच प्रकल्पापुरत्या असतात, आणि नव्या पद्धती घडवायच्या असतील तर पीएचडी लागतेच. पण ही कौशल्यं धरणांच्या, भूजलाच्या, हिमनद्यांच्या आणि हवामानाच्या कामातही तशीच लागतात. शिवाय इस्रो आणि फ्रान्सची सीएनईएस यांनी मिळून २०१३मध्ये सरल हा रडारने पाण्याची पातळी मोजणारा उपग्रह सोडला होता, हेही बाबांना सांग.

येत्या सुट्टीत एक कर. हायड्रोवेब किंवा दाहिती या संग्रहांत जगभरच्या नद्यांच्या उपग्रहीय पातळ्या मोफत मिळतात. उपग्रहाची वाट जिथे नदी ओलांडते त्या जागेला आभासी केंद्र म्हणतात. जवळच खरं सरिता मापन केंद्र असलेलं आणि त्याचे आकडे खुले असलेलं असं एक आभासी केंद्र निवड. दोन्ही आलेख एकावर एक काढ. आकडे थेट जुळणार नाहीत, कारण पट्टीचं शून्य स्थानिक असतं आणि उपग्रहाचं वेगळं. चढउतार जुळतात का ते बघ. जमलं तर एकदा त्या किंवा दुसऱ्या एखाद्या केंद्रावर जाऊन लाटा पट्टीवर आपटत असताना वाचणारा माणूस कोणता आकडा लिहितो, तेही बघून ये.

मग आलेख मला पाठव. जे बिंदू तुला पटत नाहीत त्यांच्याभोवती पेन्सिलीने गोल कर, आणि का पटत नाहीत ते शेजारी एका ओळीत लिही.