विश्वास वाटत नाही, तर ठेवायचा कसा?

"मी रोज वचन वाचते. प्रार्थना चुकवत नाही. पण देवावर भरवसा म्हणतात तो काही वाटत नाही. माझ्यातच काही खोट आहे का?"

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की समोरचं माणूस खुर्चीत टेकायच्या आत मला त्याचा सूर ओळखू येतो. तरुण मुलं विचारतात, निवृत्त झालेले शिक्षक विचारतात, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पुढच्या बाकावर बसणारे विचारतात. एकदा एका पाळकांनी दार लावून घेतलं आणि मग विचारलं. म्हणून एका बाईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चाळिशीतल्या होत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढली आणि माझ्यासमोर उघडली. प्रत्येक पानावर पट्टीने रेघ मारून दोन रकाने केलेले. डावीकडे तारीख आणि वचन, उजवीकडे मथळा : 'देव काय म्हणतो?' डावा रकाना सुंदर अक्षरात भरलेला. उजव्यात पानामागून पान नुसती प्रश्नचिन्हं.

नोकरी सोडून दुसरं काम स्वीकारावं का, हा त्यांचा प्रश्न होता. वर्षभर त्या रोज पहाटे उठून देवाला तोच विचारत होत्या. विचारायची पद्धत अशी : डोळे मिटायचे, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, कुठेही उघडायचं आणि बोट ठेवायचं. जे वचन बोटाखाली येईल ते उत्तर.

"आणि उत्तर मिळालं?"

"रोज मिळतं, मॅडम. पण रोज वेगळं."

मी आधी वचनांबद्दल काहीच बोलले नाही. झोप किती लागते ते विचारलं. तीन-चार तास. जेवण? आठवेल तेव्हा. याबाबतीत मी हट्टी आहे. संदेष्टा एलीया रानात झुडपाखाली 'आता माझा प्राण घे' म्हणत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. ऊठ, खा, असं म्हणाला. एलीयाने खाल्लं, पुन्हा झोपला, पुन्हा खाल्लं, आणि 'तू येथे काय करतोस?' हा प्रश्न त्याला त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावरच्या गुहेत विचारला गेला. '१ राजे' या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायातला हा क्रम माझ्या कामाचा पाया आहे. थकलेल्या देहाला देवाचं मौन फार मोठं ऐकू येतं. पहिल्या दोन-तीन भेटी आम्ही झोपेवरच घालवल्या. डॉक्टरांकडेही पाठवलं. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, तेव्हा औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं असं कुणी सांगत असेल, तर ते शास्त्राला धरून नाही.

मग वही उघडली. पानं चाळताना एका ठिकाणी मी थांबले. एका सोमवारी त्यांनी 'निर्गम' या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायातलं १३ वं वचन लिहिलं होतं : भिऊ नका, स्थिर उभे राहा. उजवीकडे नोंद : 'नोकरी सोडू नको?' साधारण तीन आठवड्यांनी त्याच अध्यायातलं १५ वं वचन : इस्राएल लोकांना सांग, पुढे चाला. उजवीकडे : 'सोड?' आणि त्याखाली पेन दाबून लिहिलेलं, 'देवा, नक्की काय?'

"ही दोन्ही वचनं शेजारी आहेत, हे तुमच्या लक्षात आलं होतं का?"

नव्हतं आलं. मी पूर्ण अध्याय पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सांगितला. त्यांनी वाचायला सुरुवात केली. मागे मिसरच्या राजाचे, फारोचे रथ, समोर समुद्र, घाबरलेले लोक मोशेवर ओरडताहेत. मोशे त्यांना धीर देतो, स्थिर उभे राहा. आणि लगेच परमेश्वर मोशेला म्हणतो, तू माझा धावा का करत बसला आहेस? लोकांना सांग, पुढे चाला. इथे त्यांचा आवाज बसला. ते एक वाक्य त्यांनी परत वाचलं. मग तिसऱ्यांदा, मनातल्या मनात.

"तेव्हा समुद्र दुभंगला होता का?" मी विचारलं.

त्यांनी बोटाने ओळी मोजल्या. "नाही. ते पुढे आहे. एकविसाव्या वचनात."

बोट ठेवून वचन काढणाऱ्यांना मी कधी रागावत नाही, कारण त्यामागे तळमळ असते. पण एक गोष्ट सांगते. रानात सैतानानेही येशूला वचनच ऐकवलं होतं. ९१ वं स्तोत्र, आणि तेही अर्धवट : 'तुझ्या सर्व मार्गांत' हे शब्द गाळून. येशूने उत्तर दिलं ते 'असेही लिहिले आहे' म्हणून, म्हणजे एका वचनाला दुसऱ्या वचनाच्या उजेडात धरून. तिन्ही वेळा त्याची उत्तरं 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातली होती, मोशेच्या पाच पुस्तकांतल्या शेवटच्या. ज्या पुस्तकात आपण पुन्हा पुन्हा राहिलो आहोत तेच वेळेला आठवतं, आणि ते बोट ठेवून साधत नाही. अध्यायच्या अध्याय वाचून, त्यांत मुरून साधतं.

पुढच्या भेटीत त्या जरा चिडूनच आल्या. "मोशेला पुढे म्हणजे कुठे ते समोर दिसत होतं. माझं पुढे कुठलं?"

"नोकरीचं क्षणभर बाजूला ठेवू. देवाने सांगितलेली अशी एखादी गोष्ट आहे का, जिच्याबद्दल तुमच्या मनात शंकाच नाही? जिच्यासाठी वही उघडावी लागत नाही?"

त्या खूप वेळ गप्प राहिल्या. मग वही मिटून टेबलावर ठेवली.

"मत्तय पाच," त्या म्हणाल्या. "वेदीजवळचं."

मत्तयच्या शुभवर्तमानातल्या त्या अध्यायात येशू म्हणतो : तू आपलं दान वेदीजवळ आणलंस, आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तुला तिथे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर. यात एक बारकावा आहे, तो वाचताना हातून निसटतो. 'तुझ्या मनात त्याच्याविरुद्ध' असं येशू इथे म्हणत नाही. दुखावलेला तो आहे. आठवण तुला झाली आहे. म्हणून निघायचं तू.

त्यांची धाकटी बहीण. आईच्या शेवटच्या आजारपणात त्या बहिणीने सात महिने आईचं सगळं केलं. ह्या पैसे पाठवत राहिल्या आणि अगदी शेवटी पोचल्या. अंत्यविधीच्या दिवशी, सगळ्यांसमोर, कशावरून तरी शब्द वाढला आणि ह्या बोलून गेल्या : "केलंस म्हणजे उपकार नाही केलेस." त्यानंतर चार वर्षं दोघींत बोलणं नाही. आणि ह्या चार वर्षांत जेव्हा जेव्हा मत्तय पाच समोर आलं, तेव्हा तेव्हा त्यांनी पान उलटलं.

"म्हणजे देव बोलत नव्हता असं नाही," मी म्हटलं.

"नाही. मीच दुसरा विषय काढत होते."

हे वाक्य त्यांचं आहे. समुपदेशकाने असं वाक्य समोरच्याच्या तोंडी घालू नये. ते त्याचं त्यालाच सापडेपर्यंत धीर धरावा. मी धरला होता, आणि त्या दिवशी मला त्याचं समाधान वाटलं.

पण खरी गाठ पुढेच होती. दोन आठवडे झाले तरी फोन केला गेला नव्हता.

"मला आतून माफी मागावीशी वाटत नाही, मॅडम. अजून राग आहे. असं असताना मागितली तर ते ढोंग नाही का? आधी मन तयार होऊ दे. देवावर विश्वास वाटू दे, की तो सांभाळून घेईल. मग करते."

हाच तो प्रश्न, ज्याने हा लेख सुरू झाला. मी त्यांना दोन मुलांचा दाखला आठवायला सांगितला, मत्तय २१ मधला. बापाने द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगितलं. एक म्हणाला, जातो, आणि गेला नाही. एक म्हणाला, नाही जात, आणि मग गेला.

"बापाच्या इच्छेप्रमाणे कुणी केलं?"

"गेला त्याने."

"त्याला जावंसं वाटत होतं?"

त्या हसल्या. पहिल्यांदाच. "तोंडावर नाही म्हणाला होता."

"तो ढोंगी होता का?"

उत्तर आलं नाही. मी विचारलं, "आपल्या भाषेत 'विश्वास' या शब्दापुढे कुठलं क्रियापद येतं?"

"विश्वास वाटणं." मग थोडं थांबून, "विश्वास ठेवणं."

"शास्त्रात आज्ञा कुठली आहे?"

"ठेवा. देवावर विश्वास ठेवा." त्या टेबलाकडे बघत होत्या. आल्या आल्या वही तिथे ठेवली होती, आमच्या दोघींच्या मध्ये. त्यांनी ती उचलली, हातात तोलल्यासारखी धरली आणि परत खाली ठेवली. "ठेवायला वाटावं लागत नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "हात सोडावा लागतो."

मी तेव्हा काही बोलले नाही. आज इतक्या दिवसांनीही ती वही टेबलाला टेकल्याचा आवाज मला आठवतो.

माझा कल उघडपणे सांगते : भावना सुधारली की वागणं सुधारेल, अशी वाट बघत बसलेली माणसं मी बरी होताना फार थोडी पाहिली. पाऊल उचललं की मन मागून येतं, कधी लगेच, कधी रडतखडत. शास्त्रातही हेच जागोजागी दिसतं. दहा कुष्ठरोग्यांना येशूने याजकांकडे पाठवलं तेव्हा अंगावर रोग तसाच होता, ते वाटेने जात असता शुद्ध झाले. रात्रभर कष्टून काही न मिळालेला कोळी पेत्र येशूच्या 'आपल्या सांगण्यावरून' जाळी सोडतो. त्याला मासे मिळतील असं वाटत होतं, असं लूक कुठेही म्हणत नाही. अब्राहाम ७५ वर्षांचा असताना कुठे जायचं ते माहीत नसता निघाला. आणि इस्राएल लोकांना ओलांडायची होती ती यार्देन नदी तर कापणीच्या दिवसांत दुथडी भरलेली. देवाच्या कराराचा कोश वाहणाऱ्या याजकांचे पाय काठाच्या पाण्यात भिजले, आणि मग वरून येणारं पाणी थांबलं. कोरड्या पायांनी वाट बघत ते काठावर उभे राहिले असते तर?

आपल्या 'ऐकणे' या शब्दाचंही मला अप्रूप वाटतं. 'मुलगा आईचं ऐकत नाही' म्हटलं की त्याचे कान खराब आहेत असं कुणी समजत नाही. अनुवाद ६ मधलं 'हे इस्राएला, ऐक' यातला हिब्रू शब्द 'शमा' अगदी असाच आहे : कानावर घेणं आणि त्याप्रमाणे करणं, दोन्ही एकाच शब्दात. येशूच्या दाखल्यातल्या, खडकावर आणि वाळूवर घर बांधणाऱ्या दोघांनीही वचन ऐकलंच होतं. पाऊस, पूर, वारा दोघांच्याही वाट्याला आले. फरक इतकाच, की एकाने ऐकलं आणि एकाने 'ऐकलं'.

इथे एक सावधगिरीचं बोलणं आवश्यक आहे, आणि ते मी दर वेळी बोलते. आज्ञापालनाच्या नावाखाली मारझोड सोसायला सांगणारे लोक मंडळ्यांत असतात. त्यांचं ऐकू नका. राजा शौलाने भाला फेकला तेव्हा दावीद तिथे नम्रपणे उभा राहिला नाही. बाजूला झाला, आणि त्याच रात्री त्याची बायको मीखल हिने त्याला खिडकीतून खाली उतरवलं. त्याने शौलावर सूड घेतला नाही, पण त्याच्या भाल्याच्या टप्प्यातही राहिला नाही. जिथे जिवाला धोका आहे तिथे आधी सुरक्षित जागी जा. समेटाचं नंतर, अंतर राखून, आणि एकटीने नाही.

बाईंच्या बाबतीत तसं काही नव्हतं. त्यांनी फोन केला. बहिणीने आवाज ओळखला आणि ठेवून दिला. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा रडून रडून चेहरा सुजला होता. "केलं ना मी! मग असं का?"

मी पौलाच्या रोमकरांस पत्रातला १२ वा अध्याय काढून दिला. शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्व माणसांबरोबर शांतीने राहा. पौलाने दोन अटी घातल्या आहेत आणि दोन्ही माणसाच्या मर्यादा ओळखून घातल्या आहेत. बहिणीचं मन आपल्या आज्ञापालनाचं बक्षीस नाही. तिला तिचा वेळ आहे. मग त्यांनी पत्र लिहिलं. पहिला मसुदा चार पानी होता, सगळा खुलाशांचा. तो आम्ही बाजूला ठेवला. शेवटी पाठवलं ते सहा ओळींचं, त्यात 'पण' हा शब्द एकदाही नव्हता. 'त्या दिवशी मी जे बोलले ते चुकीचं होतं. आईचं तू केलंस. मी केलं नाही.' असं काहीसं.

उत्तर यायला अडीच महिने लागले. दोन ओळींचं. त्यात माफीबद्दल काही नव्हतं. आईची चष्म्याची डबी माझ्याकडे आहे, तुला हवी आहे का, एवढंच विचारलं होतं.

आणि नोकरी? त्याचा निर्णय त्यांनी नंतर घेतला, बोट ठेवून नाही. खर्चाचा हिशेब मांडला, नवऱ्याशी बोलल्या, मंडळीतल्या दोन जाणत्या माणसांना विचारलं. सल्लामसलतीवाचून बेत फसतात, हे नीतिसूत्रांतलं वचनही वचनच आहे, मार्गदर्शन मागणाऱ्यांना ते का आठवत नाही कोण जाणे. नोकरी सोडली नाही. निदान यंदा तरी नाही. त्याबद्दल त्यांना चमत्कारिक असं काही जाणवलं नाही आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नव्हतं.

शेवटच्या भेटीला त्या वही घेऊन आल्या. रेघ तशीच पट्टीने मारलेली. डावीकडे आता एकेक वचन नव्हतं, वाचलेले अध्याय होते. उजवीकडचा मथळा त्यांनी खोडला होता आणि वर लिहिलं होतं, 'आज काय केलं?' शेवटच्या नोंदीवर मी बोट ठेवलं. त्या लाजल्या, पण वाचू दिली.

'डबी आणायला गेले होते. दार उघडलं. चहा नको म्हणाले, मग घेतला.'