वाचकांचे प्रश्न : ड्युएथलॉन आधी की ट्रायथलॉन?

प्रश्न : माझे वय ४३ आहे. गेली काही वर्षे मी सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावतो आणि ती दोन तासांच्या आसपास पूर्ण करतो. आता गोव्यातील हाफ आयर्नमॅनमध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये, उतरण्याची इच्छा आहे. लहानपणी विहिरीत पोहायला शिकलो, पण तेवढेच. मित्र म्हणतात की आधी एखादी ड्युएथलॉन करावी, ती सोपी असते. हे खरे आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मित्रांचा सल्ला योग्य आहे, त्यामागचे कारण मात्र बरोबर नाही. पोहणे वगळलेले असल्यामुळे ड्युएथलॉन ही ट्रायथलॉनची सोपी आवृत्ती आहे असा समज सर्वत्र दिसतो, परंतु पायांवर पडणारा भार मोजला तर चित्र उलटे दिसते. ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये १५०० मीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. पोहताना शरीराचे वजन पाण्याने पेललेले असते आणि मुख्य काम खांदे व पाठ करतात, त्यामुळे सायकलवर बसेपर्यंत पाय बऱ्यापैकी ताजे राहतात. प्रचलित ड्युएथलॉनमध्ये मात्र १० किलोमीटर धावणे, ४० किलोमीटर सायकल आणि पुन्हा ५ किलोमीटर धावणे असा क्रम असतो, म्हणजे सगळा भार तेच दोन पाय तीन वेळा उचलतात. मी हौशी स्पर्धक म्हणून दोन्ही प्रकारांत उतरत आलो आहे, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरायला लावणारी शर्यत बहुतेक वेळा ड्युएथलॉनच असते.

तरीही आपण ती आधी करावी, कारण आपल्यासारख्या चांगल्या धावपटूचा मोह तिथे उघडा पडतो. पहिले धावणे आपल्या हातचे असते, आजूबाजूचे स्पर्धक जोरात निघालेले असतात, पाय हलके असतात, आणि मग माणूस नेहमीच्या १० किलोमीटरच्या वेगाने धावून मोकळा होतो. या घाईत मिळवलेली दोन मिनिटे शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये दुपटीने परत द्यावी लागतात. माझ्या मते पहिले धावणे आपल्या सर्वोत्तम वेगापेक्षा प्रत्येक किलोमीटरमागे वीस ते तीस सेकंद सावकाश ठेवावे. बाजूने बोलत जाणाऱ्याला आपण पूर्ण वाक्यात उत्तर देऊ शकत असू, तर वेग ठीक आहे असे समजावे.

दुसरी गोष्ट सायकलवरून उतरल्यानंतरची. तासभर पुढे वाकून, नितंबांच्या सांध्यात घडी घालून बसल्यावर ताठ उभे राहून धावताना मांड्या जड आणि परक्या वाटतात. शिवाय ताशी तीस किलोमीटरच्या वेगाची सवय झालेल्या डोळ्यांना धावण्याचा वेग फारच कमी भासतो आणि माणूस नकळत जास्त जोर लावतो. यासाठी सायकलिंगला लागूनच धावण्याचा सराव करतात, त्याला खेळाडू ‘ब्रिक’ म्हणतात. आठवड्यातून एकदा, लांब सायकल फेरी संपताच सायकल भिंतीला टेकवून, बूट बदलून पंधरा-वीस मिनिटे धावावे. अंतर वाढवण्यापेक्षा ही सवय अधिक उपयोगी पडते.

आता गोव्याविषयी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या या शर्यतीत मिरामारच्या समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे आहे. या अंतराच्या शर्यतींसाठी साधारणतः साडेआठ तासांची मुदत असते, आणि एकूण मुदतीखेरीज पोहणे व सायकल यांच्याही वेगळ्या मुदती असतात, त्या चुकल्या तर स्पर्धकाला तिथेच थांबवले जाते. आपली दोन तासांची हाफ मॅरेथॉन तिथे दोन तासांत होणार नाही, हे आधीच मान्य करून हिशेब मांडावा. धावणे सुरू होते तेव्हा ऊन डोक्यावर आलेले असते, समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि त्यामुळे शरीर थंड होण्याचा मुख्य मार्गच मंदावतो. सातारच्या चढावर कमावलेली ताकद उपयोगी पडेल, सातारची हवा मात्र सोबत नेता येणार नाही.

विहिरीत शिकलेल्या माणसाला खोल पाण्याची भीती नसते, ही मोठीच जमेची बाजू आहे. पण डोके वर धरून मारलेल्या हातांनी दोन किलोमीटर जाणे फार थकवते, कारण डोके वर राहिले की कंबर आणि पाय खाली जातात. आयर्नमॅनच्या नियमांनुसार कोणत्याही पद्धतीने पोहता येते, तरी चेहरा पाण्यात ठेवून फ्रीस्टाइल शिकण्यासाठी प्रशिक्षकाकडे चार-सहा महिने द्यावेत. या हिवाळ्यात ड्युएथलॉन, त्याच काळात तलावावर नियमित पोहणे, मग ७५० मीटर, २० किलोमीटर आणि ५ किलोमीटर अंतरांची एखादी स्प्रिंट ट्रायथलॉन, आणि त्यानंतर गोवा, असा क्रम मी सुचवीन.

प्रश्न : तरणतलावात मी दोन किलोमीटर न थांबता पोहते. मात्र मोकळ्या पाण्यातील पहिल्याच शर्यतीत शंभर मीटरवर श्वास अडकल्यासारखा झाला आणि मी परत फिरले. अशा वेळी बचाव पथकाची कयाक (वल्ह्याची छोटी होडी) धरली तर बाद करतात का? वेटसूट (पोहताना घालायचा रबरी पोशाख) घेतल्याने फरक पडेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : कयाक, बोया (मार्ग दाखवणारी तरंगती खूण) किंवा बोट धरून विश्रांती घेण्यास सामान्यतः नियमांची परवानगी असते, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकता येत नाही. ही एक माहिती असली तरी निम्मी भीती कमी होते, म्हणून शर्यतीआधीच्या सूचना-सत्रात ती आपल्या शर्यतीपुरती पक्की करून घ्यावी.

आपल्याला जे झाले ते पोहता न येण्यामुळे झालेले नाही. तळाशी काळी रेघ नाही, शेजाऱ्याचे हातपाय लागत आहेत, पाणी गढूळ आहे आणि पहिली दोन मिनिटे सगळेच गरजेपेक्षा वेगाने जातात, अशा स्थितीत माणूस श्वास घेत राहतो पण पूर्ण सोडत नाही. छाती भरलेलीच राहते आणि आणखी हवा हवी असे वाटू लागते. उपाय असा की घोळक्याच्या मध्ये उभे न राहता कडेला, थोडे मागे उभे राहावे, शक्य असेल तिथे शर्यतीपूर्वी पाण्यात उतरून चेहरा भिजवावा आणि पहिल्या दोनशे मीटरमध्ये पाण्याखाली आवाज होईल इतका श्वास बाहेर सोडावा. तरीही घाबरायला झाले तर पाठीवर वळून तरंगावे. दिशा राखण्यासाठी दर आठ-दहा हातांनंतर डोळ्यांपुरते डोके वर काढून बोया पाहण्याचा सराव तलावातही करता येतो. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर हिवाळ्यात सागरी जलतरण स्पर्धा भरते आणि तिच्यात वेगवेगळी अंतरे असतात. त्यांतील एखादे छोटे अंतर आपल्याला ट्रायथलॉनपेक्षा अधिक शिकवील, कारण तिथे पुढे सायकल आणि धावणे वाट पाहत नसते.

वेटसूटने तरंगणे सोपे होते हे खरे, परंतु आयर्नमॅन शर्यतींत पाण्याचे तापमान २४.५ अंशांपर्यंत असेल तरच हौशी स्पर्धकांना तो निर्धोकपणे वापरता येतो. त्यापुढे २८.८ अंशांपर्यंत तो घातल्यास वयोगटातील पारितोषिकाचा हक्क जातो आणि त्याहून उबदार पाण्यात त्याला बंदीच असते. आपल्या किनाऱ्यावरचे पाणी पाहता वेटसूटवर पैसे खर्च करू नयेत.

एक गोष्ट मात्र भीतीच्या खात्यात टाकू नये. ट्रायथलॉनमध्ये आजवर झालेल्या मृत्यूंपैकी बहुतांश पोहण्याच्या टप्प्यात झालेले आहेत आणि त्यांत हृदयविकाराचा वाटा मोठा आहे. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाने, तसेच रक्तदाब किंवा कुटुंबात हृदयविकार असलेल्यांनी नोंदणीआधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. पाण्यात छातीत दुखले, थांबूनही धाप कमी झाली नाही किंवा खोकल्यातून फेस आला, तर हात वर करून बाहेर यावे. फुप्फुसांत द्रव साठल्याचे हे लक्षण असू शकते आणि अशा वेळी पोहत राहणे धोक्याचे असते.

प्रश्न : माझ्याकडे साधी रोडबाईक आहे. खास ट्रायथलॉनची सायकल घ्यावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पहिल्या दोन वर्षांत तरी नको. सीटची उंची आणि हँडलचे अंतर जाणकाराकडून जुळवून घ्यावे, पंक्चर झाल्यास ट्यूब स्वतः बदलता यावी आणि पायडल मारताना बाटलीपर्यंत हात जावा, एवढ्याने अधिक वेळ वाचतो.

पैशांपेक्षा नियमांकडे लक्ष द्यावे. रविवारी घोळक्याने सायकल चालवणाऱ्या आपल्या गटांना एकमेकांच्या मागे चिकटून जायची सवय असते, आणि हौशी स्पर्धकांच्या बहुतेक शर्यतींत नेमका तोच गुन्हा ठरतो. आयर्नमॅनच्या शर्यतींत पुढच्या सायकलच्या पुढील चाकापासून आपल्या पुढील चाकापर्यंत १२ मीटर अंतर ठेवावे लागते, ओलांडायचे तर २५ सेकंदांत ओलांडावे लागते आणि नियम मोडल्यास ठरावीक मिनिटे दंड-तंबूत उभे राहावे लागते. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि सायकल परत ठेवल्याशिवाय पट्टा सोडायचा नाही, हेही घरीच अंगवळणी पाडावे.

प्रश्न : लांब शर्यतीत मी फक्त ओआरएस पितो, तरी शेवटी गळून जातो. असे का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कारण ओआरएस हे अतिसारावरचे औषध आहे. प्रमाणित पुडीच्या एका लिटरमध्ये ग्लुकोज जेमतेम १३.५ ग्रॅम असते, तर दोन-अडीच तासांच्या श्रमाला दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात आणि त्याहून लांब शर्यतीत सरावलेले पोट ९० ग्रॅमपर्यंत पचवू शकते. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम मिळतात. खजूर, गूळ-शेंगदाण्याची चिक्की, मीठ लावलेला उकडलेला बटाटा हेही सायकलवर चालते, मात्र चिक्की उन्हात चिकट होते आणि तिच्यातले शेंगदाणे पचायला वेळ घेतात, म्हणून ती सुरुवातीलाच संपवावी. याउलट नुसते पाणी भरमसाट पिणेही घातक आहे, कारण त्याने रक्तातील सोडियम घटते आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपण अशी लक्षणे दिसतात. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करावे. वजन वाढलेले आढळले, तर आपण गरजेपेक्षा जास्त पीत आहात.