हाय व्होल्टेज सप्लायला रिमोट आणि सिरियल जोडताना

प्रश्न : ३० केव्हीच्या (३०,००० व्होल्टच्या) सप्लायला पीएलसीकडून (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकाकडून) ०–१० व्होल्ट प्रोग्रॅमिंग, म्हणजे आउटपुट किती हवे ते सांगणारा सिग्नल, दिले आहे. पॅनलमधले सोलेनॉइड (विजेच्या कॉइलने उघडणारे) व्हॉल्व्ह चालू झाले की आउटपुट साधारण १२० व्होल्टने सरकते. सप्लाय खराब आहे का?

सप्लायवर संशय घेण्याआधी कॉमन वायर, म्हणजे सिग्नलची परतीची, शून्य व्होल्टची वायर तपासा. १० व्होल्टला ३० केव्ही, म्हणजे १२० व्होल्ट सरकायला इनपुटवर फक्त ४० मिलिव्होल्ट पुरतात. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागे साधारण १८ मिलिओहम रोध असतो. सोलेनॉइडचा एक अँपिअर परतीचा करंट अशा सव्वादोन मीटर वायरीतून गेला की ४० मिलिव्होल्ट तिथेच पडतात. तुमच्या सिग्नलचा कॉमन बहुधा त्याच वायरीवर बसला आहे.

मल्टिमीटर थेट सप्लायच्या कनेक्टरवर, प्रोग्रॅम पिन आणि सिग्नल कॉमन यांच्यात लावा. हाय व्होल्टेज बंद ठेवून व्हॉल्व्ह चालू-बंद करा. आकडा हलला तर निदान पक्के. मग सिग्नलसाठी वेगळी शील्ड असलेली पिळलेली जोडी ओढा, तिच्या कॉमनवरून दुसरे काहीही परत नेऊ नका आणि शील्ड सप्लायच्या टोकालाच अर्थ करा (जमिनीला जोडा). तरीही फरक उरला तर पीएलसीला आयसोलेटेड (बाकी सर्किटपासून विद्युतदृष्ट्या वेगळा) अ‍ॅनालॉग आउटपुट घ्या. सॉफ्टवेअरमध्ये ऑफसेट वजा करून भागणार नाही, कारण तो स्थिर नसतो.

प्रश्न : पीएलसी रीस्टार्ट होताना आउटपुट क्षणभर उसळते.

त्या क्षणी इनपुट अधांतरी राहते. प्रोग्रॅम पिन ते कॉमन १० किलोओहमचा रोध लावा. एनेबल सिग्नल (हाय व्होल्टेज सुरू करण्याची परवानगी) मात्र पीएलसीचा अ‍ॅनालॉग आउटपुट शून्यावर आल्याची खात्री झाल्यावरच द्या.

प्रश्न : आरएस-२३२ वर (संगणकाच्या सिरियल पोर्टवर) सप्लाय उत्तरच देत नाही.

आधी सप्लाय बाजूला ठेवा. केबलच्या मोकळ्या टोकाला २ आणि ३ पिन जोडून संगणकावरच्या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये टाइप करा. अक्षरे परत आली तर संगणक, पोर्ट आणि केबल ठीक. मग केबल काढून सप्लायच्या नऊ पिनी कनेक्टरवर, पिन ५ च्या सापेक्ष, डीसी व्होल्टेज मोजा. स्वस्थ स्थितीत ट्रान्समिट पिन ऋण असते, बहुतेकदा उणे ५ ते उणे १२ व्होल्ट. हे ऋण व्होल्टेज पिन २ वर दिसले तर सरळ केबल, ३ वर दिसले तर २-३ उलट केलेली केबल लागेल. त्यानंतर बॉड रेट (संदेशाचा वेग), पॅरिटी (चूक ओळखणारा बिट), कमांडच्या शेवटचे कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची खूण) आणि असल्यास चेकसम (संदेश तपासणारा आकडा) मॅन्युअलशी जुळवा. पॅनलवरचा स्विच 'लोकल'वर राहिलेला असणे हेही नेहमीचेच. मायक्रोकंट्रोलरची ३.३ व्होल्टची पिन थेट जोडू नका, मध्ये मॅक्स ३२३२ सारखा लेव्हल कन्व्हर्टर हवाच.

प्रश्न : लोडवर आर्क झाला की यूएसबी गोठते.

आर्कमध्ये केबल आणि लोडची साठलेली ऊर्जा क्षणात रिकामी होते आणि लोडकडचा अर्थ उसळी मारतो. यूएसबी केबल ती उसळी संगणकापर्यंत पोचवते. लोडचा परतीचा रस्ता आखूड, रुंद वेणीने थेट सप्लायच्या अर्थ स्टडवर आणा. सप्लाय आणि लोडमध्ये मालिकेत रोध टाका : २० केव्हीला १० किलोओहमने शिखर करंट २ अँपिअरवर थोपतो. रोध पल्स झेलणारा आणि पूर्ण व्होल्टेज सोसणारा हवा. संगणकाकडे ऑप्टिकल फायबर नेलात तर प्रश्नच मिटतो. फेराइटचे मणी हा शेवटचा उपाय. आणि संगणकाशी दुवा तुटल्यावर सप्लाय शेवटच्या सेटिंगवर तसाच चालू राहतो का, हे कमी व्होल्टेजवर केबल उपटून पाहा. राहत असेल तर वॉचडॉग रिले (संगणकाचे संदेश थांबले की सप्लाय बंद करणारा) लावा.

प्रश्न : आउटपुट सॉफ्टवेअरने बंद करता येते. मग इंटरलॉकला (दार उघडले की हाय व्होल्टेज तोडणाऱ्या सुरक्षा सर्किटला) जंपर लावून ते कायम जोडलेले ठेवले तर चालेल?

नाही. दाराचा स्विच आणि आपत्कालीन बटण यांचे कॉन्टॅक्ट मालिकेत थेट इंटरलॉकला जोडा. मॅन्युअल ड्राय कॉन्टॅक्ट (स्वतःचे व्होल्टेज नसलेला नुसता स्विच) मागत असेल तर त्यावर बाहेरचे व्होल्टेज देऊ नका. दार लावल्यावर आउटपुट आपोआप परत येता कामा नये, रीसेट हाताने व्हावा. इंटरलॉक तुटला तरी लोड लगेच रिकामा होत नाही : २ नॅनोफॅरडचा लोड आणि ५०० मेगओहमचा ब्लीडर (साठलेला चार्ज हळूहळू रिकामा करणारा रोध) असताना ५ सेकंद दिले तरी २० केव्हीतले सुमारे १३५ व्होल्ट उरतात, आणि ब्लीडर तुटला असेल तर जवळपास सगळेच. म्हणून आत हात घालण्याआधी अर्थिंगची काठी (उरलेला चार्ज जमिनीत नेणारी) लावा आणि काम संपेपर्यंत ती तिथेच अडकवून ठेवा.