कोथिंबीर, टीडीएस आणि सात वाक्यं

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. सुट्टीला कोल्हापूरला आली होतीस, तेव्हा कपिलतीर्थ मंडईत भाजीवाल्या मावशींनी ‘सासूशी असं वागतात व्हय गं?’ म्हणून चारचौघांत झापलं आणि वर कोथिंबिरीची जुडी पिशवीत कोंबून पैसेही घेतले नाहीत. तुला रडू आलं, मला ऐकून हसू आलं. त्यांचा राग खरा होता, कोथिंबीरही खरी होती. पण दोन्ही तू मालिकेत करतेस त्या सुनेच्या खात्यावर. तुला त्या ओळखतही नाहीत. पात्राच्या नावानं हाक आली तर चिडू नकोस, वळून बघ. याच गावात १९२० साली बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला तेव्हा बायकांची कामं बायकांनीच केली. त्यातल्या गुलाबबाई पडद्यावर कमलादेवी झाल्या, अनसूयाबाई सुशीलादेवी. तोंडाला रंग लावला म्हणून समाजानं त्यांना वाळीत टाकलं, असं सांगतात. तुला फुकट कोथिंबीर मिळाली. शंभर वर्षांत बरीच मजल मारली म्हणायची आपण!

पण आता मास्क लावूनच बाहेर पडणार आणि भाजी ॲपवरून मागवणार म्हणालीस, ते काही मला पटलं नाही. परवाच्या भागात तू बाजारातून घरी येतेस, तो सीन पाहिला. चार किलो बटाट्याची पिशवी दोन बोटांवर झुलवत आणलीस. आत कागद भरले असणार, कळलं मला. पण बोटांवर वळ नाही, खांदा एका बाजूला कललेला नाही, पिशवी टेकवल्यावर हात झटकणं नाही. वर्षभरापूर्वी आपल्या नाटकाच्या तालमीत रिकामी कळशी तू कशी उचलायचीस, आठव. तेव्हा घरचं पाणी तूच भरत होतीस. मंडईत जा. कोणी फोटो मागितला तर दे, आणि पुढच्या गाड्यावर जाऊन वांग्याचा भाव कर.

आता पैशाचं, कारण ते तुला कुणी धड सांगणार नाही. तुझा रेट दिवसावर आहे. ट्रॅक, म्हणजे मालिकेची गोष्ट, दुसऱ्या पात्राकडे वळला की महिन्याचे वीस दिवस आठावर येतात. केलेल्या कामाचा चेक बहुतेक ठिकाणी नव्वद दिवसांनी, तोही दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा आयकर, वजा करून. रिटर्न भरलंस तर त्यातलं काही परत मिळू शकतं, पण ते तुझं तुलाच भरावं लागतं. तेव्हा बोलण्यातल्या आकड्यावर मीरा रोडच्या फ्लॅटचा हप्ता बसवू नकोस. करारात महिन्याचे किमान दिवस किती लिहिलेत आणि मालिका अचानक गुंडाळली तर थकलेले पैसे कधी मिळणार, हे वाचल्याशिवाय सही नाही. वाचून समजलं नाही तर वकिलाची फी दे. गजरा आणि फेशियलपेक्षा जास्त होणार नाही. (बरं, थोडी होईल.)

दुकानांची उद्घाटनं, दहीहंडीच्या सुपाऱ्या खुशाल घे. त्यात कमीपणा कसला? पैसे आधी, सोबत घरचं माणूस, एवढं पाळ. निवडणुकीच्या दिवसांत कुणाच्या स्टेजवर उभी राहतेस, ते मात्र दहादा विचार करून.

गुरुवारी टीआरपी येतो म्हणून बुधवारीच तुझी झोप उडते, असं आई सांगत होती. आकड्यात स्लॉट, म्हणजे मालिकेची वेळ, असतो, प्रोमो असतो, समोरच्या चॅनेलवर काय लागलंय तेही असतं. तुझा वाटा त्यातून वेगळा काढून दाखवणारा माणूस अजून मला भेटलेला नाही. प्रभात फिल्म कंपनीवाले १९३२ साली इथंच ‘अयोध्येचा राजा’ काढून पुढच्या वर्षी पुण्याला गेले. गावानं हळहळ केली आणि पुढच्या सिनेमाची तिकिटं काढली. तुझ्या मालिकेचंही तसंच होणार. तेव्हा दुसरं काम हातात असू दे.

म्हणून सांगते, नव्या नाटकाचं वाचन सुरू झालंय. नायिका ठरली आहे, तिच्याकडे बघू नकोस. दुसऱ्या अंकातली शेजारीण आहे, सात वाक्यं. शनिवारी रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसनं निघालीस तर रविवारी सकाळी इथं, आणि त्याच रात्रीच्या गाडीनं सोमवारच्या शिफ्टला परत. येत्या गुरुवारपर्यंत कळव. नाही कळवलंस तर वाक्यं दुसरीला जातील, ती रांगेतच उभी आहे.

तुझी,
तालमीतली मावशी