कोटेशन परत पाठवतेय

अनेक आशीर्वाद.

बिल्डरच्या बागेच्या कामाचं तू व्हॉट्सॲपवर पाठवलेलं कोटेशन पाहिलं. फोनच केला असता, पण फोनवर तू नुसतं "हो ताई, हो ताई" म्हणतोस आणि करायचं तेच करतोस. म्हणून कागदावर लिहितेय. कोटेशनची प्रिंट काढून त्यावर लाल पेनाने खुणा केल्यात, तीही सोबत आहे. खुणा पाहून नाराज होऊ नकोस. माझ्या पहिल्या कोटेशनवर यापेक्षा जास्त लाल असायला हवं होतं, पण ते दाखवायला तेव्हा माझं कुणी नव्हतं.

सहा हजार चौरस फूट हिरवळ, दोनशे झाडं, शिवाय पोडियमवरचे, म्हणजे पार्किंगच्या छतावरचे वाफे. एवढ्या कामाला तू एकच ओळ लिहिलीस: 'गार्डन डेव्हलपमेंट, लमसम'. अरे, लमसम म्हणजे सगळ्याची मिळून एकच ठोक रक्कम लिहिली की समोरचा खरेदीवाला फक्त खालचा आकडा ओढतो. तूही काम हातचं जाईल म्हणून ओढू देतोस. मग कमी पडलेले पैसे कुठून काढायचे? झाडं तर मोजून घेतात. त्यामुळे शेवटी मातीत काटछाट होते, कारण हिरवळीखाली सहा इंच माती आहे की तीन, हे कुणी उकरून बघत नाही. हिरवळीला मात्र कळतं. ती मार्चमध्ये पिवळी पडते.

माती तू वीस ब्रास धरलीस. कशावरून? सहा हजार फूट गुणिले अर्धा फूट म्हणजे तीन हजार घनफूट, शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे तीस ब्रास. पाणी मारल्यावर माती बसते, म्हणून आणखी पाच-सहा ब्रास धर. दहा-पंधरा ब्रासचा घोळ इथेच झाला, आणि तो तुझ्या खिशातून गेला असता. आता डंपर. मातीवाला 'तीन ब्रास' म्हणून गाडी पाठवतो. तुझे अण्णा माझ्याकडे कामाला असताना काय करायचे ते तू लहान असताना पाहिलंच असशील. गाडी आली की ते आधी चाकावर पाय देऊन वर चढायचे आणि टेपचं एक टोक ड्रायव्हरच्या हातात द्यायचे. बारा फूट लांब, सात रुंद, माती तीन फूट. दोनशे बावन्न घनफूट, म्हणजे अडीच ब्रासला दोन पाट्या जास्त. ते ड्रायव्हरला काही बोलायचे नाहीत, चलनावर पेनाने अडीच लिहायचे आणि सही करायचे. दुसऱ्या आठवड्यापासून गाडी भरून यायला लागायची. ती टेप अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, पहिला इंच झिजलाय.

माती कुठून घेतोस हेही कोटेशनमध्ये नाही. इथे तुला लव्हाळ्याची गोष्ट सांगायलाच हवी. माझं तिसरं की चौथं वर्ष असेल. कोथरूडला एका बंगल्याचं काम होतं, मालक हौशी होते. मी स्वस्त पडते म्हणून कुठल्याशा पायाखोदाईची माती उचलली, वर शेणखत टाकलं तेही अर्धवट कुजलेलं. जूनमध्ये मेक्सिकन हिरवळ अंथरली. गालिचा दिसत होता नुसता. मालकांनी नातेवाइकांना बोलावून दाखवला. जुलैत त्यातून चकचकीत, तीनधारी पाती वर आली. खुरपणीच्या बायकांनी उपटली. पंधरा दिवसांत दुप्पट आली. तेव्हा अण्णांनी खुरप्याने एक पातं अलगद उकरून मला दाखवलं. पात्याखाली चण्याएवढी काळी गाठ, गाठीतून निघालेला दोऱ्यासारखा धागा, त्या धाग्याला खाली आणखी एक गाठ, तिच्याखाली आणखी एक. आपण वरून उपटतो तेव्हा धागा तुटतो आणि खालच्या सगळ्या गाठी सुट्या होऊन वेगवेगळ्या फुटतात. म्हणजे आम्ही महिनाभर पैसे देऊन लव्हाळ्याची लावणी करत होतो! शेवटी हिरवळ उचलली, वीतभर माती काढून फेकली आणि सगळं पदरच्या पैशाने पुन्हा केलं. त्या कामात कमाई शून्य. मालक मात्र आजही माझ्याकडे आहेत.

तेव्हापासूनचा रिवाज असा: माती ठरवण्याआधी ढिगाच्या तीन वेगवेगळ्या जागांवरून घमेलंभर माती आणायची, पाणी मारून पंधरा दिवस उन्हात ठेवायची आणि काय उगवतं ते बघायचं. हराळी आली तर एकवेळ चालेल, लव्हाळा आला तर तो ढीग फुकट दिला तरी नको.

पोडियमच्या वाफ्यांसमोर मी मोठं प्रश्नचिन्ह काढलंय. खाली पार्किंग आहे. लोकांच्या वावरासाठीची साधी गच्ची धरताना इंजिनिअर चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास भार धरतात. अर्धा फूट भिजलेली माती एकट्यानेच अडीचशे किलोच्या वर जाते, आणि तू तर तिथे झाडांसाठी तीन फुटी वाफे दाखवलेस. पोडियमचा स्लॅब बहुधा जास्त भाराचा असतो, पण 'बहुधा' वर वाफे बांधायचे नसतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून किती माती चालेल ते लेखी घे. वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी साठवून तपासणी झाली का, तेही लेखी घे, आणि मगच पहिली पाटी माती टाक. नाहीतर उद्या कुणाच्या गाडीवर पाणी ठिबकलं की 'माळ्याने खुरपं मारलं' हे ठरलेलं असतं.

झाडांच्या यादीत कोनोकार्पस आहे, त्यावर काट मारलीय. वाढतं झटपट, मान्य. पण त्याची मुळं पाइपात शिरतात, आणि २०२३ मध्ये गुजरातने त्याच्या लागवडीवर बंदीच घातली. कुंपणाला कुंती लाव. वाढायला वेळ घेते, पण रात्री वास आला की सोसायटीतली माणसं नाव विचारतात. मोठ्या झाडांत बहावा, ताम्हण, बकुळ. उरुळी कांचनच्या बाजूच्या नर्सऱ्यांत स्वतः जाऊन रोपांच्या पिशव्या बघून घे. आंध्रातल्या कडियमची रोपं स्वस्त पडतात, पण ट्रकमधून उतरवली की लगेच उन्हात लावू नकोस. त्यांच्या मुळांभोवती चिकण मातीचा घट्ट गोळा असतो. पंधरा दिवस सावलीत ठेव, पाणी दे, नवी पालवी दिसली की मग खड्डा.

आता मुख्य मुद्दा. हे काम घ्यावं का?

मी असं एक काम घेतलं होतं. बिल्डरचं नाव तुला माहीत आहे, इथे लिहीत नाही. सगळं वेळेत झालं, बिलंही निघत गेली. फक्त दहा टक्के रक्कम वर्षभरासाठी राखून ठेवली होती, झाडं जगली की देऊ म्हणून. एप्रिलमध्ये साइटवरच्या बोअरची मोटर बंद पडली. बांधकाम संपलेलं, त्यामुळे दुरुस्त करायची कुणाला घाई नाही. मी पदरच्या पैशाने टँकर मागवले, किती मागवणार? साठ-सत्तर झाडं वाळली. तोवर साइट इंजिनिअर बदलला. नवा म्हणाला सोसायटीला विचारा, सोसायटी म्हणाली बिल्डरला विचारा. तीन लाख गेले. त्या दिवाळीला माणसांना बोनस द्यायला मी पाटल्या गहाण ठेवल्या. अण्णांना हे माहीत होतं, त्यांनी घरी कधी सांगितलं नसेल.

म्हणून विचारते: बिल्डरकडून एक रुपयाही न येता तुझ्या माणसांना दोन महिने हजेरी देता येईल एवढे पैसे बँकेत पडून आहेत का? असतील तर घे. नसतील तर पोडियमचं काम दुसऱ्या कुणाला करू दे. तू हिरवळ आणि पहिल्या वर्षाची देखभाल एवढंच माग. घेतलंसच तर आगाऊ रक्कम, टप्प्याटप्प्याने बिलं आणि एक वाक्य ठळक अक्षरांत: पाणी आणि वीज मालकाकडून, पाण्याअभावी मेलेल्या झाडांची बदली आमच्याकडे नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, केली नसशील तर या आठवड्यात कर. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे किती दिवसांत द्यायचे याला कायदा आहे, लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर नाही. बिल्डरचा सीए हे ओळखतो.

तुला वाटतं देखभालीत काय आहे, महिन्याला थोडेथोडके पैसे. माझं घर त्या थोड्याथोडक्यांवर चाललं. मोठी कामं आली नि गेली. पण तू देखभालीचे दर चुकीचे लावतोस. त्या बाणेरच्या सोसायटीला तू महिना बारा हजार सांगितलेस. माळी आठवड्याला तीन दिवस, म्हणजे तेरा हजेऱ्या. साडेसातशेने पावणेदहा हजार. उरले सव्वादोन हजार. त्यात गवत कापायच्या ब्रश कटरचं पेट्रोल, त्याला लागणारी नायलॉनची दोरी, माळी आजारी पडला तर बदली माणूस, तुझ्या दोन फेऱ्या. हा धंदा नाही, अन्नदान आहे. खत आणि फवारणी वेगळ्या बिलात घे. आणि 'पावसात काय काम असतं, चार महिने निम्मे पैसे घ्या' म्हणणारा सेक्रेटरी प्रत्येक सोसायटीत असतोच. त्याला जुलैत एकदा बागेत उभा कर. उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी कापायची हिरवळ पावसात आठ-दहा दिवसांनी कापावी लागते, तण वेगळं, गोगलगायी वेगळ्या.

वाढायचं असेल तर एकाच पट्ट्यात वाढ. तुझी दोन कामं बाणेरला, एक वाघोलीला. वाघोलीला जाण्या-येण्यात माळ्याचा अर्धा दिवस रस्त्यावर जातो, आणि त्याची हजेरी तूच देतोस. वाघोली सोड किंवा तिथलीच आणखी तीन मिळव. बाणेर, बालेवाडी, पाषाण एवढ्यात दहा सोसायट्या झाल्या तर एक टेम्पो आणि माळ्यांच्या दोन जोड्या पुरतात.

ब्रश कटर देण्याआधी माणसाला शिकव. कोवळ्या झाडाभोवती दोन फुटांचं आळं मोकळं ठेवायचं आणि तिथलं गवत हाताने काढायचं. दोरी खोडाला लागली की साल गोल सोलली जाते. झाड महिनाभर हिरवं दिसतं, मग एकदम बसतं, आणि लोक म्हणतात कीड लागली. तुझ्याकडचे दोन बहावे असेच गेलेत, मी परवा खाली वाकून पाहिलं. आणखी एक, सेक्रेटरीच्या तोंडी सांगण्यावरून फांदीला करवत लावू नकोस. १९७५ चा कायदा आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि पंचनामा झाला की सेक्रेटरी नाही, करवतवाला पुढे असतो.

हिशेबाचं थोडक्यात. बिलातून १ टक्का टीडीएस कापतात तो तुझाच पैसा आहे, विवरणपत्र भरून परत माग. उलाढाल वीस लाखांकडे गेली की जीएसटीसाठी सीएकडे जा. नुसत्या रोपांवर कर नाही, पण आपल्या कामावर आहे, आणि दोन्ही एका बिलात आलं की गोंधळ होतो. दहा माणसं झाली की ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, वीस झाली की पीएफ. तेव्हा कुणी 'माणसं कागदावर नऊच दाखव' म्हणेल. ऐकू नकोस. अण्णांचं बोट मशीनमध्ये गेलं तेव्हा मी त्यांची नोंद केलेली नव्हती. दवाखान्याचं बिल मी भरलं, पण ते महिनाभर घरी बसले त्या हजेऱ्या मी त्यांना हप्त्याहप्त्याने दिल्या. तेवढेच माझ्याकडे होते. ती गोष्ट मला अजून लागते.

रविवारी सकाळी ये. कोटेशन नव्याने लिहून आण: माती, खत, हिरवळ, झाडं, मजुरी, देखभाल, सगळं वेगवेगळ्या ओळीत, पुढे दर आणि नग. तुझ्या मातीवाल्याच्या ढिगातली तीन घमेली आजच भरून गच्चीवर ठेव. पंधरा दिवसांनी मी बघायला येईन. अण्णांना सोबत आण, गुडघे दुखतात म्हणाले तर रिक्षाने आण. आणि येताना टेप आणू नकोस. ड्रॉवरमधली तुला देणार आहे.

तुझी,
ताई