वाचकांचे प्रश्न : दुकानात फ्रेंच वाइन ठेवायची, पण कोणती?

प्रश्न : नाशिकमध्ये आमचे परवानाधारक वाइन शॉप आहे. पाटीवर वाइन असली तरी गल्ला भरतो तो व्हिस्की आणि बिअरवर. वाइनचे एकच कपाट आहे आणि त्यात आसपासच्या वायनरींचा माल असतो. अलीकडे काही गिऱ्हाइके फ्रेंच वाइन मागू लागली आहेत. आयातदाराच्या माणसाने शंभराहून अधिक नावांची यादी दिली आहे, पण त्यातली निम्मी नावे मला वाचताही येत नाहीत. सुरुवातीला दीड लाख रुपये गुंतवायची तयारी आहे. निवड कशी करावी?
— एक दुकानदार, नाशिक

उत्तर : ती यादी तूर्त मिटून ठेवावी आणि आधी स्वतःच्याच कपाटाकडे पाहावे. तिथून सर्वांत जास्त उठाव कशाला आहे? नाशिकच्या दुकानात ते बहुधा शेनिन ब्लां, सोव्हिन्यों ब्लां आणि शिराझ यांपैकीच काही असणार. ही तिन्ही वाणे मुळात फ्रान्सची आहेत. आपल्या गिऱ्हाइकाची जीभ त्यांच्यावरच तयार झालेली असल्यामुळे फ्रेंच वाइनची त्याची अर्धी ओळख आधीच झालेली आहे, फक्त ते त्याला कोणी सांगितलेले नाही.

ते त्याला कळत नाही, कारण फ्रेंच बाटलीवर बहुतेक वेळा वाणाचे नाव नसते, गावाचे किंवा प्रदेशाचे असते. १९३५ मध्ये फ्रान्सने ‘आपेलासियों’ची जी पद्धत कायद्याने बांधली, तिच्यात कोणत्या गावात कोणती द्राक्षे लावायची आणि दर हेक्टरी किती उत्पन्न घ्यायचे हे त्या त्या नावाच्या नियमांतच ठरलेले असते. देवगडची पेटी म्हटल्यावर आत हापूस आहे हे वेगळे सांगावे लागत नाही, तसाच हा प्रकार आहे. हा सांधा जुळवून देणे हे दुकानदाराचे काम. लुआर नदीच्या खोऱ्यातली ‘वूव्रे’ म्हणजे शेनिन ब्लां. नाशिकची शेनिन पुष्कळदा किंचित गोडसर असते आणि वूव्रेमध्येही ‘देमी-सेक’ नावाचा तसाच गोडसर प्रकार मिळतो, त्यामुळे नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या हाती पहिली फ्रेंच बाटली द्यायची असेल तर मी हीच देईन. त्याच नदीकाठची ‘साँसेर’ म्हणजे सोव्हिन्यों ब्लां, पण तिचे नाव मोठे आणि किंमतही तशीच. नदीच्या खालच्या अंगाला ‘तूरेन’ या नावाखाली हेच वाण पुष्कळ कमी पैशांत मिळते. शिराझला फ्रान्समध्ये सिरा म्हणतात. रोन नदीच्या उत्तर खोऱ्यातली ‘क्रोझ-एर्मिताज’ची लाल वाइन जवळजवळ पूर्णपणे त्याचीच असते, तर ‘कोत द्यु रोन’मध्ये बहुतेक वेळा ग्रेनाश हे वाण प्रमुख असून सिरा जोडीला असते. कपाटात प्रत्येक बाटलीखाली मराठीत हाताने लिहिलेली एक चिठ्ठी लावावी : ‘आपली शेनिन, पण लुआरची.’

यादीतले मोठे नाव सोडून त्याच्या शेजारचे नाव घ्यावे, हा माझा मुख्य सल्ला आहे, आणि त्याचे कारण आपल्या करात आहे. परदेशी वाइनवरचे आयात शुल्क आपल्याकडे वर्षानुवर्षे १५० टक्के राहिले. २०२१ च्या अर्थसंकल्पात त्याची मांडणी बदलली, म्हणजे मूळ सीमाशुल्क ५० टक्के आणि कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर १०० टक्के, पण बेरीज तीच. हे शुल्क किमतीच्या टक्केवारीत असल्याने फरक फुगत जातो. बंदरावर ४०० रुपयांना पडलेली बाटली त्या हिशेबाने १,००० रुपयांची होते आणि १,२०० रुपयांची बाटली ३,००० रुपयांची. त्यावर राज्याचे शुल्क, व्हॅट, आयातदार, घाऊक विक्रेता आणि आपण. फ्रान्समध्ये तूरेन आणि साँसेर यांच्यात जे अंतर असते, ते नाशिकच्या छापील किमतीत अडीचपटीहून मोठे दिसते. उलट यादीतली सर्वांत स्वस्त बाटलीही टाळावी. तिच्या किमतीत काच, बूच, जहाजाचे भाडे आणि कर यांचाच वाटा मोठा असतो आणि आत ओतलेल्या वाइनचा अगदी किरकोळ.

फ्रेंच मागणारा माणूस पुष्कळदा बोर्दो, म्हणजे नैर्ऋत्य फ्रान्समधल्या त्या नावाच्या प्रदेशाची वाइन, मागत असतो. एक बोर्दो ठेवावीच लागेल, पण तिच्या लेबलावरच्या शब्दांना भुलू नये. ‘शातो’ म्हणजे राजवाडा नव्हे. वाइन त्या एका मळ्यातल्या द्राक्षांची आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि शातो लिहिलेली अगदी सामान्य वाइनही ढिगाने असते. ‘रेझर्व’ आणि ‘व्हिएय व्हीन्य’, म्हणजे जुन्या वेली, या शब्दांची तिथल्या कायद्यात ठरीव व्याख्या नाही. ‘ग्राँ व्हँ द बोर्दो’ हे सोनेरी अक्षरांतले शब्दही दर्जाची पायरी सांगत नाहीत. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात, १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी केलेली शातोंची प्रतवारी आजही चालते आणि तिच्यात पहिल्या श्रेणीपुरता मोठा बदल एकदाच झाला, १९७३ मध्ये मुतों-रोथशिल्डला बढती मिळाली तेव्हा. पण त्या प्रतवारीतल्या बाटल्या या आपल्या कपाटाचा विषय नाहीत. बोर्दोतल्या नदीच्या उजव्या काठाची, मेर्लो हे वाण अधिक असलेली ‘कोत द बोर्दो’ पाहावी. ती मऊ असते आणि लवकर पिण्याजोगी होते. डाव्या काठची, काबर्ने सोव्हिन्यों या वाणाची तरुण वाइन तुरट असते, आणि तिखट जेवणाबरोबर तुरटपणा व अल्कोहोल दोन्ही मिरचीची आग वाढवतात. तांबड्या रश्श्याबरोबर तशी बोर्दो पिऊन ‘फ्रेंच वाइन कडू असते’ असे ठरवून बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

त्यांच्यासाठी ‘बोजोले’ आहे. गामे नावाच्या द्राक्षाची ही वाइन तुरटपणात सौम्य असते आणि थोडी थंड करून चांगली लागते. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारी ‘नुव्हो’ मात्र घेऊ नये. ती काही महिन्यांत पिऊन संपवायची वाइन आहे आणि आपल्या हाती येईपर्यंत त्यातले काही आठवडे जहाजात जाऊ शकतात. ‘बोजोले-व्हिलाज’ घ्यावी, किंवा फ्लरी, मोर्गों, ब्रुई अशा दहा नावाजलेल्या ठिकाणांपैकी एखादी. त्यांच्या लेबलावर बोजोले हा शब्द पुष्कळदा नसतोच, म्हणून गिऱ्हाईक त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जाते.

आता उन्हाळा. या व्यवसायात नवा होतो तेव्हा मार्चअखेरीस आलेल्या दोन पेट्या मी दुकानाच्या माळ्यावर ठेवल्या, वर पत्रा. मेमध्ये पेटी उघडली तेव्हा काही बाटल्यांची बुचे कागदाच्या जाडीइतकी वर आली होती, गळ्यावरचे वेष्टण चिकट झाले होते आणि आतल्या लाल वाइनला उकळलेल्या मनुकांचा वास येत होता. तो माल परत घेतला गेला नाही, आणि घेतला जायला नकोच होता, चूक माझी होती. वाइनला १२ ते १४ अंश सेल्सियस मानवतात. ते दुकानभर साधणार नाही, पण दिवसा चालणारा आणि रात्री बंद होणारा वातानुकूलक हाही इलाज नव्हे, कारण रोजचा चढउतार वाइनला घातकच असतो. दीड लाखातला एक हिस्सा वाइनच्या शीतकपाटासाठी काढून ठेवावा आणि माल तेवढाच घ्यावा जेवढा त्यात मावेल. बूच असलेल्या बाटल्या आडव्या ठेवाव्यात आणि पारदर्शक काचेतली रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, ट्यूबलाइटसमोर ठेवू नये. उजेडाने तिचा वास बिघडतो. ‘रूम टेंपरेचर’ हा शब्द गिऱ्हाइकांच्या तोंडी असतो. फ्रेंचांच्या जुन्या घरांतली ती खोली १६ ते १८ अंशांची होती हे त्यांना एकदा सांगून टाकावे.

म्हणून सुरुवातीला आठच नावे घ्यावीत, प्रत्येकी सहा बाटल्या. वर सांगितलेल्या वूव्रे, तूरेन, कोत द्यु रोन, कोत द बोर्दो आणि बोजोले या पाच झाल्या. सहावी बर्गंडीची पांढरी, म्हणजे शार्दोने. तिच्यातही ‘शाब्ली’ हे मोठे नाव महाग वाटले तर दक्षिणेकडची ‘माकों-व्हिलाज’. सातवी दक्षिण फ्रान्समधली ‘पेई दोक’ लिहिलेली एखादी, कारण तिच्या लेबलावर वाणाचे नाव सरळ छापलेले असते आणि भिडस्त गिऱ्हाईक तीच उचलते. आठवी फसफसणारी, तिच्याविषयी पुढे लिहिले आहे. माल घेताना लेबलावरचे साल स्वतः पाहावे. तूरेन किंवा रोझे दोन-तीन वर्षांहून जुनी असेल आणि प्रतिनिधी सवलत देत असेल, तर ती सवलत कशाची आहे हे ओळखावे. आणखी एक. गोव्यात तीच बाटली स्वस्त दिसते म्हणून तिथून आणून विकता येत नाही. महाराष्ट्रात विकायच्या लेबलाला इथल्या राज्य उत्पादन शुल्क विभागाची मान्यता लागते आणि माल परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडूनच यावा लागतो.

प्रश्न : इंग्लंडमधल्या रेडिंगजवळ आमचे कोपऱ्यावरचे किराणा दुकान आहे आणि दारूविक्रीचा परवानाही आहे. फ्रेंच वाइन सुपरमार्केटमध्ये आमच्या खरेदीच्या भावापेक्षा स्वस्त मिळते. अशा वेळी आम्ही ती ठेवावी का?
— एक वाचक, रेडिंग

उत्तर : ठेवावी, पण सुपरमार्केटमध्ये दिसते ती नव्हे. आपल्याकडचा कर नाशिकच्या अगदी उलट चालतो. ऑगस्ट २०२३ पासून ब्रिटनमध्ये वाइनवरचे शुल्क तिच्यातल्या अल्कोहोलच्या प्रमाणावर आकारले जाते, किमतीवर नाही. म्हणजे १२ टक्क्यांच्या स्वस्त आणि महाग अशा दोन्ही बाटल्यांवर शुल्क सारखेच. स्वस्तातल्या बाटलीत शुल्क गेल्यावर वाइनसाठी फारसे काही उरत नाही. गिऱ्हाइकाने दोन-तीन पौंड अधिक दिले तर व्हॅट आणि नफा वगळता ते वाइनकडेच जातात. म्हणून तळाच्या किमतीशी झुंजण्यापेक्षा त्याच्या एक पायरी वर दुकान मांडावे. मघाशी नाशिकला मी शेजारचे नाव घ्या म्हटले, ते इथेही लागू आहे, फक्त कारण वेगळे : त्या पायरीवर मोठ्या नावांच्या नुसत्या नावाचे पैसे पडतात, शेजाऱ्यांची वाइन मात्र उत्तम असते.

अल्कोहोल कमी असेल तर शुल्कही कमी, हे लक्षात ठेवून पांढऱ्यांत नैर्ऋत्येकडची ‘कोत द गास्कोन्य’ आणि लुआरच्या मुखाकडची ‘मुस्कादे’ पाहाव्यात. दोन्ही हलक्या, तरतरीत आणि मासळीबरोबर छान. आपल्या दुकानातून तळलेले पापलेट न्यायला कोणी येत नसेल, पण शुक्रवारी ‘फिश अँड चिप्स’ घेऊन घरी जाणारा माणूस वाटेत थांबतोच. लाल वाइनमध्ये ‘काओर’ ठेवाच. इंग्लंडमध्ये अर्जेंटिनाची माल्बेक खूप खपते, आणि त्या माल्बेकचे माहेर काओर; तिथल्या नियमांनुसार वाइनमध्ये किमान ७० टक्के तेच द्राक्ष लागते. माल्बेक घेणाऱ्याला एवढे सांगितले तरी बाटली उचलली जाते.

खाडीपलीकडे फ्रान्सच्या कॅले बंदरात जाऊन गाडी भरून वाइन आणण्याचा मोह अनेकांना होतो. स्वतःच्या घरी पिण्यासाठी आणणे वेगळे. ब्रिटिश शुल्क न भरलेली बाटली दुकानात विकणे हा गुन्हा आहे आणि त्यात परवाना जाऊ शकतो.

प्रश्न : लग्नसराईत आणि ३१ डिसेंबरला लोक शॅम्पेन मागतात आणि किंमत ऐकून परत जातात. दुसरे काय दाखवावे? शिवाय एका ग्राहकाने ‘वाइन खराब आहे’ म्हणून उघडलेली बाटली परत आणली. ती बदलून द्यावी का?
— एक दुकानदार, पुणे

उत्तर : ‘क्रेमाँ’ दाखवावी. शॅम्पेनसारखीच बाटलीत दुसऱ्यांदा आंबवून तिचे बुडबुडे येतात, फक्त ती शॅम्पेन प्रदेशाबाहेरची असते : क्रेमाँ द लुआर, क्रेमाँ दाल्झास, क्रेमाँ द लिमू. नियमाने तिला किमान नऊ महिने बाटलीत यीस्टच्या गाळावर ठेवावे लागते. सालाचा उल्लेख नसलेली शॅम्पेन मात्र विक्रीआधी एकूण किमान १५ महिने थांबते. हा फरक चवीत जाणवतो, पण लग्नात हातोहात संपणाऱ्या ग्लासात तो कोणी शोधत नाही.

परत आलेली बाटली आधी हुंगावी. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा पावसात भिजलेल्या वर्तमानपत्राचा वास येत असेल, तर तो बुचातला दोष आहे. त्याने प्रकृतीला अपाय होत नाही, पण वाइन बेचव होते. यात ग्राहकाचाही दोष नाही आणि आपलाही नाही; बाटली बदलून द्यावी आणि उघडलेली बाटली बुचासकट आयातदाराकडे पाठवावी. बुचाला किंवा तळाला काचेच्या चुऱ्यासारखे स्फटिक दिसले म्हणून कोणी घाबरून आले, तर ते द्राक्षातल्याच टार्टारिक आम्लाचे क्षार आहेत, गार ठेवल्यावर ते खाली बसतात. ती बाटली बदलायची गरज नाही, एक घोट आपणच चाखून दाखवावा. आणि बाटली उघडून चार दिवस ओट्यावर ठेवलेली असेल, तर ती आंबट होणारच. तसे नम्रपणे सांगावे आणि पुढच्या वेळी ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली सुचवावी.