‘हार्ट फेल’ आणि हार्ट फेल्युअर

नेरूळहून एका वाचक ताईंनी विचारलं आहे : वडिलांच्या डिस्चार्ज कार्डावर ‘हार्ट फेल्युअर, ईएफ ३५ टक्के’ असं लिहिलंय. गावी आत्याला फोनवर ‘बाबांचं हार्ट फेल झालंय’ म्हटलं आणि तिकडे रडारड सुरू झाली. मराठीत नेमकं काय म्हणायचं? हाच हृदयविकाराचा झटका का? आणि कार्डावरचं अलिंद-निलय म्हणजे काय?

आत्यांचं काहीच चुकलं नाही. मराठीत ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला. नौपाड्यातल्या आमच्या चाळीत ‘झोपेतच हार्ट फेल झालं’ म्हटल्यावर पुढचा प्रश्न ‘कधी नेणार?’ हाच येतो. डॉक्टरांचं हार्ट फेल्युअर निराळं. त्यात हृदय चालू असतं, पण शरीराला लागतं तेवढं रक्त पुढे ढकलायला कमी पडतं. म्हणून धाप लागते, पाय सुजतात, आडवं झालं की दम कोंडतो. औषधं वेळेवर घेऊन, मीठ कमी करून कित्येक जण वर्षानुवर्षं हिंडते-फिरते राहतात. छापील मराठीत याला ‘हृदय निकामी होणे’ म्हणतात. मला तो शब्दप्रयोग अजिबात पटत नाही. निकामी झालेली वस्तू आपण टाकून देतो. आत्यांना ‘बाबांचं हृदय कमजोर झालंय, औषधं चालू आहेत’ असं सांगा.

ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने भरतो आणि आवळतो, तेव्हा त्यातलं शेकडा किती रक्त बाहेर पडतं तो हा आकडा. धडधाकट माणसाचाही तो साधारण ५५ ते ७० असतो, १०० कुणाचाच नसतो. ३५ कमी आहेच, पण त्यावरून ‘पासष्ट टक्के हृदय गेलं’ असा हिशेब घरात कुणी मांडू नये.

हृदयविकाराचा झटका वेगळा. त्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकते आणि स्नायूचा तेवढा भाग मरू लागतो. छातीत कळ येते, ती हातात किंवा जबड्यात जाते, दरदरून घाम फुटतो. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो. कार्डिअ‍ॅक अरेस्टमध्ये हृदयाची क्रियाच अचानक बंद पडते. माणूस कोसळतो, हाक मारली तर ओ देत नाही. झटक्यातून अरेस्ट होऊ शकतो, म्हणूनच बातम्यांत दोन्हींची सरमिसळ होते. त्यात आपल्याकडे फिटही ‘झटका’च आणि अर्धांगवायूचाही ‘झटका’च. तेव्हा १०८ ला फोन लावल्यावर नुसतं ‘झटका आलाय’ म्हणू नका. ‘छातीत कळ येतेय, बोलतायत’ किंवा ‘कोसळलेत, श्वास चालत नाही’ असं डोळ्यांना दिसतं ते सांगा. श्वास नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीच्या मधोमध जोरात दाब देत राहायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा.

एक आणखी. ‘काळजात कळ आली’ असं वडील म्हणाले तर ते हृदयाबद्दलच बोलतायत. मटणाच्या दुकानात मात्र काळीज मागितलं की यकृत मिळतं.

अलिंद म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे, निलय म्हणजे खालचे दोन. जुन्या पुस्तकांत यांनाच कर्णिका आणि जवनिका म्हटलेलं सापडेल. ईएफ मोजतात तो डावा निलय.